टिकलीची खोड

तो बोलायच्या आधी घसा साफ करायचा आणि मग पुष्कळदा बोलायचाच नाही. फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसे, 'हो' म्हणायचा. समोरच्यानं काही विचारायच्या आधीच होकार. चपला कधी जोडीनं काढल्या नाहीत. एक दारात, दुसरी अंगणात कुठेतरी. चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायचा आणि पुन्हा कपात ओतून प्यायचा. कुणाच्याही दारात बांधलेली शेळी, गाय, बैल दिसला की गळ्यातल्या दोरात दोन बोटं घालून पाहायचा. बोटं गेली नाहीत तर गाठ सैल करायचा आणि मालक बाहेर यायच्या आत पुढे निघायचा. फोटो काढताना डोळे मिटायचा. त्यामुळे आता घरात लावायला त्याचा उघड्या डोळ्यांचा फोटो सापडत नाही. एक आहे, पण त्यात तो अर्धाच आलाय. उरलेल्या जागेत घोडी आहे.

लोकेश मडावी माझा मित्र. कुरखेड्याच्या शाळेत आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे मराठी साहित्य घेऊन शिकलो. तो बारावीनंतर वडशाच्या एका धुमाल पार्टीत लागला. धुमाल म्हणजे आमच्याकडच्या वरातीतलं वाजंत्र: गाडीवर ढोल-ताशे, एक कीबोर्ड, मोठमोठे कर्णे, आणि पुढे नाचणारी माणसं. लोकेश ती गाडी चालवायचा.

त्याचं गाव कुरखेड्याहून आत, जंगलाच्या काठाला. घरी आई बुधरी आणि वडील लच्छू. थोडं धान, बाकी सगळं जंगलावर: मोह, तेंदूपत्ता, चारोळी. बुधरीबाई मोहफुलं वेचायच्या, वाळवायच्या, बाजारात न्यायच्या. त्यातली काही लच्छूभाऊ मडक्यात घालायचे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू दिसत नाही, वास येतो.

एका हिवाळ्यात मेंढ्या घेऊन फिरणारे काठेवाडी गावाबाहेर उतरले. निघताना त्यांनी एक शिंगरू मागे ठेवलं. ते चालत नव्हतं. लोकेशनं ते घरी आणलं. उचलून आणलं. मागचे पाय त्याच्या मांड्यांवर आपटत होते.

"हे काऊन आनलं गा?" लच्छूभाऊ म्हणाले. "बैल पाह्य म्हटलं होतं, त मेलेलं मांजर घेऊन आला."

"घोडी आहे, बाबा."

"घोडी! आपल्या घरी! मंग आता मी जंगलात पायी कसा जाऊ? लोक काय म्हनतीन?"

बुधरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेज थंड करून शिंगरासमोर ठेवली. त्यानं एकदा चाटली आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी वाळलेली मोहफुलं पाण्यात भिजवून आणली. थकलेल्या बैलाला आमच्याकडे हेच देतात. मनुक्यासारखी गोड असतात ती. शिंगरानं सगळी खाल्ली आणि बाईंची बोटंही चाटली. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून नाव टिकली.

टिकली फार उंच झाली नाही. तट्टूच ती. पाठीवर नवरदेव बसला की त्याचे पाय जमिनीपासून फार लांब नसत. पण तिला ताल होता. तो कुणी शिकवला नाही. धुमालची गाडी कधीकधी लोकेशच्या अंगणात थांबायची, पोरं सराव करायची, आणि खुंट्याला बांधलेली टिकली जागच्या जागी पाय उचलायची. ढोलाची चाल बदलली की तिची पावलं बदलायची. लोकेशनं हे पाहिलं आणि गाडी चालवणं सोडलं.

त्याची पद्धत साधी होती. टाळी वाजवायची. पाऊल बरोबर पडलं की तळहातावर मोहाचं एक फूल. गुळाला ती तोंड लावत नसे. हरभरा खायची, पण हरभऱ्यासाठी नाचायची नाही. मोहासाठी नाचायची. चाबूक त्या घरात नव्हता. नवीन पाऊल जमेना, तर लोकेश तिच्यासमोर स्वतः ते पाऊल टाकून दाखवायचा. लच्छूभाऊ ओट्यावरून ओरडायचे, "घोडी शिकली गा, आता तू शिक!"

आमच्याकडे नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत जातो. देवळापुढे आली की टिकली पुढचा डावा पाय दुमडायची आणि मान खाली घालायची. बाया हात जोडायच्या. मारुतीला की टिकलीला, कळायचं नाही. वडसा, आरमोरी, एकदा तर चिमूरहून बोलावणं आलं. नवरदेवापेक्षा टिकलीचे व्हिडिओ जास्त फिरायचे. एका लग्नात नवरीच्या मावशीनं विचारलं, "घोडी कोनाकडची वो? पोराकडची का पोरीकडची?"

"आईकडची," लोकेश म्हणाला.

ती वर्षं त्याची होती. एवढंच म्हणतो.

खोड कधी सुरू झाली, ते कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. आधी ती वरातीत नाचणाऱ्यांच्या खिशाला नाक लावायची. लोक हसायचे. कुणी बिस्कीट द्यायचं, कुणी मान धरून फोटो काढायचं. मग ती खिसा ओढू लागली. मग पाठीवर नवरदेव असताना रांग सोडून माणसाकडे जाऊ लागली. एखाद्या लग्नात सरळ चालायची, एखाद्या लग्नात सावरता सावरता लोकेशचे हात सोलून निघायचे. तो म्हणायचा, उन्हानं होते. कर्ण्यांच्या आवाजानं होते. नाल बरोबर बसला नसन. मी म्हणायचो, असेल.

फेब्रुवारीत आरमोरीकडचे मोठे शेतकरी गुणवंतराव यांच्या मुलाचं लग्न होतं. मुलाचं नाव सुरज. लोकेशनं मलाही चल म्हटलं, म्हणून मी होतो. दुपार कलली होती. धुमाल रंगात आली होती. सुरजचा मामा सकाळपासूनच रंगात होता. तो गळ्यात शेला टाकून टिकलीच्या अगदी पुढ्यात आला आणि हात पसरून नाचू लागला.

"ये वो राणी, ये! मामाकडे ये!"

टिकली गेली. तिनं त्याच्या छातीवरचा खिसा दातात धरला, आणि खिशाबरोबर आतलं मांस. मामा ओरडला. पोरांना तो नाचाचाच भाग वाटला, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मामानं तिच्या नाकावर बुक्की मारली. ती मागच्या पायांवर उभी झाली, आणि सुरज डांबरी रस्त्यावर पडला. धुमाल थोडा वेळ तशीच वाजत राहिली.

मनगट मोडलं. लग्न लागलं. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात हार. नवरीनं वाकून मान पुढे केली, तेव्हा कुठे हार तिच्या गळ्यात पडला.

मांडवाबाहेर गुणवंतराव लोकेशजवळ आले. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी मारलं नाही.

"घोडी गुनाची आहे गा," ते म्हणाले. "म्हनून त मी बोलावली. पन आता हिले कोनाच्या पोराखाली देऊ नको. आज हात गेला. उद्या मान जाईन."

लोकेशनं मान हलवली. टिकली त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती, जणू तिला कुणीतरी रागावलं होतं आणि का ते तिला समजलं नव्हतं.

कारण आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. मी त्याच्या अंगणात बसलो होतो. लच्छूभाऊ बाहेरून आले, झुलत. ते टिकलीजवळून जाताना तिनं मान लांब केली, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं, मग गळ्याशी, मग छातीशी. ओठ हलत होते. शोधत होती. मग सदरा धरला.

"सोड वो सटवे!" लच्छूभाऊ म्हणाले. "घरच्याच मानसाले झडती?"

लोकेशनं तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्रणित, तिले वाटते बाबाच्या अंगात फुलं आहेत."

त्यानं तिच्या तोंडातून सदरा सोडवला.

"मीच शिकवलं तिले. मोहाचा वास आला का समज काहीतरी भेटनार हाय. वरातीत नाचनारे सगळे मोहच पिऊन येते. ती प्रत्येकाजवळ आपलं बक्षीस मागून राह्यली."

बातमी वरातीपेक्षा वेगानं फिरते. ठरलेली लग्नं एकेक करून मोडली. म्हणजे लग्नं झाली, टिकलीशिवाय झाली. आणि मग ज्याला त्याला सल्ला सुचू लागला. कुणी म्हणालं, तोंडाला मुसकं बांध. बैलाला बांधतात ती दोराची जाळी. लोकेशनं बांधून पाहिलं. पण मुसकं बांधलेल्या घोडीवर कोणता बाप पोराला बसवेल? कुणी म्हणालं, घरी ठेव, गाडीला जुंप. ती जुंपायच्या अंगाची नव्हती. कुणी म्हणालं, बक्षीस बदल. त्यानं गूळ आणला, खारीक आणली, शेंगदाणे आणले. टिकलीनं खारीक तोंडात घेतली आणि त्याच्या पायावर टाकली.

सुनिल नावाचा माणूस मार्चमध्ये आला. तो वडशाकडच्या वीटभट्ट्यांना घोडी आणि खेचरं पुरवायचा. त्यानं टिकलीचे दात पाहिले, पाठीवर जोरानं तळहात दाबला. ती खचली नाही.

"पाठ चांगली हाय. खोड म्हनशीन त भट्टीवर आपोआप जाते. तिथं कोनी नाचत नाई."

"चावन ना तुह्या मानसाले."

"एकदा चावन. मंग सळई तापवतेत अन् नाकाजवळ नेतेत. लावा लागत नाई, नुसती नेतेत."

लोकेशनं घसा साफ केला. या वेळी बोलला.

"अक्षय तृतीयेपर्यंत थांब, सुनिलभाऊ. तवरक मी तिले सुधरवतो."

"अन् नाई सुधरली त?"

"त घेऊन जाय."

"शब्द?"

"शब्द."

बुधरीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

सुनिल गेल्यावर मी लोकेशला विचारलं, शब्द कशाला दिला? तो म्हणाला, "नाई देला असता त मी रोज उद्यावर ढकललं असतं. मले माहीत हाय मी कसा हाव."

त्यानं काम तीन भागांत केलं. पहिलं, खाली पडलेल्या फुलाला तोंड लावायचं नाही. दुसरं, हातातलं फूल 'घे' म्हटल्याशिवाय घ्यायचं नाही. तिसरं, माणसाच्या अंगाला वास आला तरी माणसाकडे जायचं नाही. बक्षीस मात्र त्यानं बदललं नाही. फूल तेच. "तिचं खानं मी काऊन तोडू?" तो म्हणाला. "मागाचं कसं, तेवढंच शिकवतो."

दुसरं ती लवकर शिकली. अंगणात तो तळहात पुढे करायचा आणि गप्प राहायचा. टिकली थरथरायची, नाकपुड्या फुलवायची, पण थांबायची. 'घे' म्हटलं की अलगद ओठांनी उचलायची. बुधरीबाई कामातून उठून ते बघायला यायच्या. त्या तिच्याशी गोंडीत बोलायच्या. काय बोलायच्या, मला कळत नसे. टिकलीला कळत असावं.

पहिल्यासाठी जंगलात जावं लागे. मार्चअखेरीला मोह गळू लागतो. उजाडायच्या आधी फुलं टपटपतात आणि झाडाखालची जमीन पिवळसर पांढरी होते. गावात ज्याची त्याची झाडं ठरलेली असतात. बाया टोपल्या घेऊन येण्याआधी लोकेश टिकलीला आपल्या घरच्या झाडांखाली न्यायचा, लांब दोर धरून, आणि त्या फुलांवरून चालवायचा. तिनं मान खाली घातली की मागे फिरायचं. नाही घातली की पुढे.

मोह वेचायला जाताना आमच्याकडे कुणी गप्प जात नाही. हाका मारत, टाळ्या वाजवत, डबा बडवत जातात. मोह अस्वलालाही आवडतो. आवाज ऐकला की ते आपण होऊन निघून जातं. अचानक समोर माणूस आला, तर जात नाही. हे गावातल्या लहान पोरालाही माहीत असतं. लोकेशलाही माहीत होतं. पण टाळी वाजली की टिकली नाचायला लागायची, आणि हाका मारल्या की तिला वरात वाटायची. धडा मोडायचा. म्हणून तो गप्प जायचा.

मी एकदा त्याच्यासोबत गेलो. फुलं पडण्याचा आवाज तेवढा येत होता. मी हळूच म्हटलं, "थोडं तरी बोलू ना."

त्यानं ओठावर बोट ठेवलं. टिकली मान वर ठेवून एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्याच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. निकाल बरा लागला होता.

तिसऱ्या धड्यासाठी प्यालेला माणूस लागणार होता. लोकेशनं वडिलांना विचारलं.

"म्हंजे मी पेवाचं," लच्छूभाऊ म्हणाले, "अन् हिच्यासमोर नुसतं उभं राहाचं?"

"हो."

"दुसरं काई नाई?"

"काई नाई."

"बुधरे, ऐक! एवढ्या वर्षांनी मले पोरानं कामाले लावलं!"

रोज संध्याकाळी ते खुंट्यासमोर उभे राहू लागले, हात मागे, शाळेतल्या मुलासारखे. पहिले काही दिवस सदऱ्याची बटणं गेली. मग टिकली नुसती मान लांब करू लागली. लोकेश "अं हं" म्हणायचा आणि ती मान मागे घ्यायची. एका संध्याकाळी ती लच्छूभाऊंच्या वासाकडे पाठ करून लोकेशकडे वळली. त्यानं तिला मूठभर फुलं दिली. लच्छूभाऊ म्हणाले, "मले बी दे काही. मीच त उभा होतो."

मग एकच गोष्ट राहिली होती. लोकेश म्हणाला, एकटा माणूस म्हणजे वरात नाही. धुमालची पोरं बोलवायची, पाच-सहा प्यालेली माणसं गोळा करायची, टाळ्या, ढोल, सगळं, आणि मध्ये टिकली. गर्दीत जमलं तर जमलं. अक्षय तृतीयेला थोडेच दिवस होते. पोरांनी येत्या रविवारी येतो म्हणून सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी टिकली एकटी घरी आली.

बुधरीबाई टोपली घेऊन निघतच होत्या. टिकलीचा दोर मागे फरफटत होता. तुटलेला नव्हता. सोडलेला होता. त्या ओरडत जंगलाकडे धावल्या. बाया धावल्या, लच्छूभाऊ धावले. अस्वल तोवर निघून गेलं होतं. लोकेश तिसऱ्या झाडाखाली होता. जिवंत होता. त्याला खाटेवर आणलं, मग गाडीत घातलं. कुरखेड्याहून गडचिरोलीला नेताना रस्त्यात तो गेला.

आधी पळाला असता तर वाचला असता, असं लोक म्हणतात. दोर हाताला गुंडाळलेला असेल, तो सोडवत बसला असेल, असंही म्हणतात. मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. मला फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. काय शिकवत होतो, ते आठवत नाही. मुलं वह्या उघडून बसलेली आठवतात.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला पुरलं. रविवारी धुमालची पोरं आली. ढोल न घेता आली. अंगणात बसली आणि गेली.

लच्छूभाऊंनी त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. ते टिकलीला चारा टाकायचे, पाणी दाखवायचे आणि ओट्यावर बसायचे. टिकली त्यांच्या अंगाला नाक लावायची. वास नसायचा. ती मान काढून घ्यायची.

अक्षय तृतीयेला सुनिल टेम्पो घेऊन आला. त्याला माहीत नव्हतं. अंगणात माणसं बसलेली पाहून तो फाटकातच थांबला. कुणीतरी सांगितलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला.

"बाई, मले माफ करा. मी मंग येतो. महिन्यानं येतो."

"त्यानं आजचं सांगतलं होतं ना?" बुधरीबाई म्हणाल्या.

"सांगतलं होतं, पन..."

"मंग आजच पाह्यचं."

लच्छूभाऊ उठले. "काय पाह्यचं? सुधरली हाय ती! माह्या डोळ्यासमोर सुधरली. थांब रे तू. इथीच थांब."

ते घरामागे गेले. सगळ्यांना कळलं ते कशाला गेले. बुधरीबाईंनी अडवलं नाही. मीही नाही. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि ते नुसत्या दारूनं नव्हते. एवढ्या दिवसांनी प्यायल्यामुळे त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं. तरी ते खुंट्यासमोर उभे राहिले, हात मागे.

टिकलीनं नाकपुड्या फुलवल्या. मान थोडी पुढे आली. "अं हं" म्हणायला कुणी नव्हतं. लच्छूभाऊंनी डोळे मिटले होते.

तिनं मान फिरवली. हळूहळू, पूर्ण. आणि ज्या बाजूला लोकेश उभा राहायचा तिकडे पाहत राहिली.

"पाह्य!" लच्छूभाऊ ओरडले. "पाह्य बे! सुधरली का नाई?"

अंगणातली माणसं उठून उभी राहिली. कुणाला राहवलं नाही. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. बाया रडत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. टिकलीचे कान उभे झाले. तिनं पाय उचलला. डावा, मग उजवा. महिन्याभरात पहिल्यांदा ती नाचू लागली. लोक जवळ सरकले. पोरं पुढे आली. टेम्पोचा ड्रायव्हरही हसत आत शिरला, तिच्या मानेवर थाप मारायला. तो वाटेत कुठेतरी पिऊन आला होता.

टिकलीनं नाचता नाचता त्याचा खिसा धरला.

शर्ट फाटला. कातडीला फारसं लागलं नाही. ड्रायव्हर मागे पडला आणि म्हणाला, "अरे बाप! अंगावरचे कपडे घेते का हे?" कुणी हसलं नाही. टाळ्या थांबल्या होत्या. टिकली तोंडातल्या कापडाचा वास घेत उभी होती.

"गर्दीमुळे झालं," मी म्हणालो. "गर्दीत अजून शिकवलं नव्हतं. सुनिलभाऊ, थोडे दिवस द्या. मी करतो, आम्ही करतो."

सुनिल म्हणाला, "माहं काई नाई, गुरुजी. तुमी म्हना त मी जातो. मी बाईले विचारून राह्यलो."

सगळे बुधरीबाईंकडे बघू लागले. त्या टिकलीजवळ गेल्या. तिच्या तोंडातला चिंधीचा तुकडा काढून घेतला. गोंडीत काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मग मराठीत, सुनिलला:

"पोराचा शब्द होता. ने."

"बुधरे..." लच्छूभाऊ म्हणाले.

"गर्दीत कोन शिकवन तिले? तुमी? हे गुरुजी? कोनाचं पोरगं पडलं, मेलं, त मी त्याच्या मायले काय सांगू?" मग सुनिलकडे वळून म्हणाल्या, "सळई नको नेऊ तिच्या नाकाजवळ. थे 'अं हं' म्हटलं का ऐकते."

"नाई नेत, बाई."

तो नेणार नाही, पण भट्टीवर तो नसतो. हे त्याला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं.

टिकली टेम्पोत चढायला तयार नव्हती. लच्छूभाऊ पुढे झाले, फळीजवळ उभे राहिले आणि तळहातावर फूल धरलं. ती फळीपर्यंत आली आणि थांबली. थरथरत थांबून राहिली. आधी लच्छूभाऊंच्या लक्षात आलं नाही ती कशासाठी थांबली आहे. मग आलं.

"घे," ते म्हणाले, आणि तिनं घेतलं.

टेम्पो गेल्यावर माणसं पांगली. मी खुंट्याजवळ बसलो होतो. धुमालच्या गाडीवाल्याचा फोन आला. लोकेशनं त्याच्याकडे जुना, पोरांच्या सरावाचा एक ढोल मागून ठेवला होता, रविवारसाठी. तो म्हणाला, ढोल अजून बाजूला काढून ठेवलाय, काय करू?

मी म्हटलं, राहू दे.

एकट्या माणसापुढे मान फिरवायला ती शिकली होती. हातातल्या फुलासाठी थांबायला शिकली होती. पडलेल्या फुलांवरून तिसऱ्या झाडापर्यंत गेली होती. गर्दीत करायचं राहिलं.